तिथीची पाऊणपट : तापीकाठून मुरूडच्या किनाऱ्यावर

खान्देशातून जंजिरा बघायला जाणारी बहुतेक माणसं घाईत असतात. रात्री धुळ्याहून नाही तर जळगावहून बस निघते, सकाळी अलिबाग, दुपारी काशीदचा किनारा, मग जंजिऱ्यावर पाऊण तास आणि लगेच पुढचा रस्ता. शाळेच्या सहलीत मीही तो तसाच पाहिला होता आणि त्यातलं लक्षात राहिलं होतं ते फक्त होडीतलं ओरडणं. या खेपेला वेगळं ठरवलं. समुद्राला लागून असलेल्या एकाच घरात मुक्काम करायचा आणि कुठे कधी जायचं ते भरती-ओहोटीवर सोडायचं. पाण्यातले किल्ले पाण्याच्या वेळेनं पाहिले तरच कळतात असं मला वाटत होतं. आता खात्रीनं सांगते.

बरोबर आप्पा आणि माय, आमचे हे आणि लेक. आप्पांचं शेत शिरपूर तालुक्यात थाळनेरच्या शिवारात, तापीच्या काठाला. कापसाची वेचणी उरकली, हरभरा वर आला, तेव्हा कुठे ते हलायला तयार झाले. तारीख मात्र मी पंचांगात बघून काढली होती. मार्गशीर्षातली दत्तजयंती मध्ये यावी, कारण पौर्णिमेला उधाण असतं आणि चौलच्या दत्ताची यात्राही तेव्हाच भरते. आप्पा आधी थोडे नाराज होते, कारण याच दिवसांत आमच्याकडे सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोडेबाजार असतो. "तो बाजार लवकर उठत नाही, परत आल्यावर जाऊ," असं कबूल केल्यावर पिशवी भरली गेली. मायच्या पिशवीत बामणोदची भरताची वांगी आणि कळण्याचं पीठ होतं.

शुद्ध त्रयोदशी : अलिबाग

रात्री निघालो. लळिंगचा डोंगर काळोखातच मागे पडला. मालेगाव, चांदवड, नाशिक, कसारा घाट, मग भिवंडी-पनवेलची ट्रकांची रांग. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, सगळ्यांना तो रस्ता ठाऊक आहे. पेण-वडखळ ओलांडून अलिबागच्या किनाऱ्यावर आलो तेव्हा नऊ वाजून गेले होते.

समोर कुलाबा किल्ला, चारी बाजूंनी पाण्यात. तटाला लाटा लागत होत्या. "दुपारी आपण तिथं चालत जायचंय," असं मी म्हटल्यावर आप्पांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. खरं तर मीही ऐकीवावरच बोलत होते. मुरूडच्या ज्या घरात आम्ही उतरणार होतो तिथल्या काकांनी फोनवर विचारलं होतं, "येताय त्या दिवशी तिथी कोणती?" तेरस म्हटल्यावर क्षणात उत्तर आलं, "मग पावणेदहाला भरती, चारच्या सुमाराला सुकती. कुलाबा पहिल्याच दिवशी करा, नंतर वेळ जमायची नाही."

मधला वेळ कान्होजी आंग्र्यांच्या समाधीपाशी गेला. १७२९ मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर या किनाऱ्यावरून त्यांना विचारल्याशिवाय जहाज हाकणं इंग्रज-पोर्तुगीजांनाही अवघड होतं. समाधीचा परिसर गावाच्या मध्यावर आहे, तरी बसची गर्दी तिकडे वळत नाही. नंतर वेधशाळेच्या बाहेरून चक्कर मारली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या विजेनं चुंबकीय नोंदी बिघडतील, म्हणून मुंबईतल्या कुलाब्याहून ही वेधशाळा १९०४ च्या सुमाराला इथे आणली. लेकीला ते फार आवडलं. ती दहावीत आहे.

अडीच वाजता किनाऱ्यावर परत आलो तर समुद्र मागे सरकला होता. सकाळी जिथे होड्या डुलत होत्या तिथे ओली वाळू, दगडांवर शेवाळ आणि त्यातून निघालेली घोडागाडी. आप्पा थांबून बघत राहिले, मग म्हणाले, "नदीनं पानी एकदाव गये का गये. हाई तं माघारं येस!" धोतर गुडघ्यापर्यंत खोचून सगळ्यात पुढे तेच चालत होते. माय घोडागाडीत बसली.

कुलाब्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू करवलं आणि संभाजी महाराजांच्या वेळी ते पुरं झालं. तटाच्या दगडांत चुना नाही. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं, तिचा जोर तिथेच मोडतो, आणि भिंतीला धक्का कमी बसतो. आप्पा शेताच्या बांधाला दगड रचणारे, त्यांनी फटीत हात घालून बघितला आणि मान हलवली. त्यांना ते पटायला माझ्या वर्णनाची गरज पडली नाही.

आत रघुजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणेश पंचायतन आहे, गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, आणि उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावरच्या दोन इंग्रजी तोफा. त्यांच्यावर १८४९ हे साल आणि इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव अजून वाचता येतं. म्हणजे आंग्र्यांचं राज्य खालसा झाल्यावर या तोफा आल्या. ज्या तटानं इंग्रजांची झोप उडवली होती त्याच तटावर त्यांच्याच तोफा उभ्या. मला तिथे वाईट वाटलं, ते लपवत नाही.

पाचच्या आत परतायचंच होतं. परतताना पाण्याचा पहिला पातळ थर वाळूवर आला होता. काही पोरं किल्ल्यावर फोटो काढत रेंगाळली होती, त्यांना घोडागाडीवाले हाका मारत होते. हे सांगायलाच हवं : भरतीची वेळ ठाऊक नसेल तर या किल्ल्यावर चालत जाऊ नये.

अंधार पडता पडता चौल, रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई, काशीद मागे टाकून मुरूडला पोचलो. घर रस्त्यावरून दिसत नाही. नारळी-पोफळीच्या वाडीतून चिंचोळी वाट, पुढे जुनं कौलारू घर, आणि मागच्या अंगाला पाहुण्यांच्या चार खोल्या. त्या खोल्यांच्या मागे कुंपणाचं फाटक, फाटकाबाहेर सुरूची झाडं, आणि मग थेट समुद्र. दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. काकूंनी आधी आंघोळीचं पाणी दिलं. तांब्याचा बंब, आणि त्यात जळणाला नारळाची सोडणं. जेवायला आम्हाला सुरमई आणि तांदळाची भाकरी. आप्पा नि माय माळकरी, त्यांच्यासाठी वालाचं बिरडं होतं. त्यांचं नीट विचारून, वेगळ्या भांड्यात केलेलं.

शुद्ध चतुर्दशी : जंजिरा

पहाटे आप्पा वाडीत. काका झाडांना पाणी सोडत होते आणि आप्पा केळीचे खुंट बघत होते. ठिबक का नाही, दोन झाडांत अंतर किती, घड किती दिवसांत उतरतो. केळीच्या मुलखातला माणूस, त्याला समुद्रापेक्षा वाडी जवळची. तिथेच काकांनी हिशेब समजावला. पक्ष कोणताही असो, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. आज चौदावी, म्हणजे साडेदहाला पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, मग पुन्हा भरती. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा धड चढत नाही, धड उतरत नाही. छापील तक्त्याशी थोडं इकडेतिकडे होतं, आणि अचूक वेळ लागते त्यानं तक्ता बघावा, पण किनाऱ्यावरची माणसं अजून याच हिशेबावर बोलतात. आप्पांनी तो तिथल्या तिथे पाठ केला.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. सकाळी लवकर गेल्यामुळे गर्दी कमी होती. जंजिऱ्याजवळ जाताना एक गोष्ट होते ती कुठल्या फोटोत येत नाही. होडी तटाच्या अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते दिसतच नाही. सगळीकडे सारखीच काळी भिंत, पाण्यातून सरळ वर निघालेली. दोन बुरुजांच्या बगलेत दडलेला दरवाजा एकाएकी समोर येतो. भरतीला पाणी पायरीला टेकलेलं असतं, होडी हिंदकळते, आणि खलाशाचा हात धरून उडी मारावी लागते. मायला दोघांनी धरून उतरवलं.

आधी इथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, चाच्यांपासून बचावासाठी राम पाटलानं उभारलेला. १४९० च्या सुमारास निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापाऱ्याच्या वेशात आला, पिंपांत माणसं लपवून त्यानं तो घेतला. आजचा दगडी किल्ला १५६७ ते १५७१ या काळात बुऱ्हाणखानानं बांधला. पुढे तो सिद्दींकडे आला आणि १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेल्या हबशी घराण्यांनी कोकणात एवढा काळ राज्य टिकवलं, याचं खरं कारण या भिंतींत आणि त्याहून जास्त त्यांच्या दर्यावर्दीपणात आहे. दरवाजाच्या आत शिल्प आहे : एका हिंस्र श्वापदानं पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडलेत. ज्यानं ते कोरवलं त्याला आपली ताकद कुणाला दाखवायची होती हे वेगळं सांगायला नको.

वाटाडे झपाझप चालतात. कलालबांगडी, चावरी, लांडा कासम या तोफा, सुरूलखानाचा पडका वाडा, गोड्या पाण्याचा गोल तलाव, मागच्या बाजूचा दर्या दरवाजा. पाऊण तासात सगळं. आम्ही खलाशाशी आधीच बोलून दुसऱ्या फेरीनं परतायचं ठरवलं होतं, म्हणून निवांत बसता आलं. सगळ्यात जास्त वेळ तलावापाशी गेला. चहूकडे खारा समुद्र आणि मधोमध गोडं पाणी. वेढ्यात तग धरण्याचं मूळ तिथेच आहे. आप्पा काठावर उकिडवे बसले. "इतलं पानी भवती, नि पेवाले एवढंच," असं म्हणाले. त्याच पाण्यात प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. किल्ल्यावर येणाऱ्या प्रत्येकानं आपली बाटली परत नेली तरी पुष्कळ होईल.

आप्पांना थाळनेर आठवला. आमचा थाळनेरचा किल्ला तापीच्या कड्यावर, एका अंगाला नदी. फारुकी सुलतानांची ती जुनी राजधानी, त्यांच्या कबरी अजून आहेत. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या तोफांपुढे तो एका दिवसात पडला आणि किल्लेदार तुळशीराम मामाला इंग्रजांनी फाशी दिलं. पावसाळ्यात भरून वाहणारी तापी फेब्रुवारीत काय अडवणार? इथे मात्र बारा महिने खंदक भरलेला, आणि तो दिवसातून दोनदा नव्यानं भरतो.

या खंदकानं मोठमोठ्यांना थांबवलं. १६७१ च्या होळीच्या रात्री सिद्दी कासीमनं समोरच्या किनाऱ्यावरची दंडा-राजपुरी मराठ्यांकडून परत घेतली. पुढे मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत लाय पाटील नावाच्या कोळ्यानं रात्री तटाला शिड्या लावल्या, पण मागून येणारी कुमक वेळेवर पोचली नाही आणि त्याला उजाडताना मागे फिरावं लागलं. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला, दर्यात वावरणाऱ्याला पालखी काय कामाची असं तो म्हणाला, तेव्हा 'पालखी' नावाचं गलबतच बांधून दिलं, असं सांगतात. आणि १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून खाडीत दगड टाकून वाटच बांधायला घेतली. मोगल फौज कोकणात उतरली म्हणून ते काम सोडून परतावं लागलं. तटावर उभं राहून राजपुरीपर्यंतचं पाणी नजरेनं मोजलं की त्या बेतातली हिंमत कळते. मी बराच वेळ तिथे उभी होते. हरलेल्या लढाया आपण शाळेत चटकन ओलांडतो. या तटावर त्या ओलांडता येत नाहीत.

दुपारी खोकरीच्या कबरी. राजपुरीपासून जवळच तीन दगडी घुमट आहेत, सुरूलखानाचा सगळ्यात मोठा. तिथे आम्ही सोडून कुणी नव्हतं. जाळीच्या खिडक्यांतून ऊन आत आलेलं, भिंतींवर नाजूक नक्षी. सावलीत बसून मी आप्पांना एक गोष्ट सांगितली, जी माझ्या वाचनात आली तेव्हापासून सांगायची होती. औरंगजेबानं सिद्दीला मोगलांचं आरमार सोपवलं आणि त्याच्या खर्चाची रक्कम सुरतेच्या महसुलातून लावून दिली. पुढे सिद्दीचा माणूस सुरतेच्या किल्ल्यातच येऊन बसला. १७५९ मध्ये इंग्रजांनी त्याला बाहेर काढलं, तोवर तो किल्ला सिद्दीकडे होता. सुरतेचा किल्ला तापीवर आहे, समुद्राला मिळण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात.

आप्पा उठून बसले. "म्हंजे आपली तापीना तोंडवर ह्याच बसेल व्हतात?"

"हो. आपल्या शेतावरून जाणारं पाणी त्यांच्या तटाखालून समुद्रात जायचं."

खान्देशचा कापूस, कापड, नीळ सुरतेला जायची, तिथून जहाजांत. त्या व्यापारावर सुरतेचा पैसा, त्या पैशावर सिद्दीचं आरमार, आणि त्या आरमाराच्या जोरावर जंजिरा. आम्ही शाळेत शिकलो की समुद्राचा इतिहास कोकणाचा आणि आपला तो नद्या-डोंगरांचा. आप्पांना हा धागा एका वाक्यात कळला, कारण ते नदीच्या काठी राहतात.

संध्याकाळी मायनं काकूंची चूल ताब्यात घेतली. चंपाषष्ठीला वांगं सुटलं होतं, तेव्हा अडचण नव्हती. आमच्याकडे भरताची वांगी कापसाच्या पऱ्हाटीवर भाजतात. इथे पऱ्हाटी कुठून आणणार? काकूंनी सोडणांचा ढीग पेटवला. माय आधी साशंक होती, पण सोडणांची धग मंद आणि सारखी लागते, वांगी आतपर्यंत मऊ झाली. भरीत ठेचायची लाकडी बडगी नव्हती, तेव्हा पाट्यावरच ठेचली. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून कच्चं तेल. सोबत कळण्याच्या भाकरी. काका चार भाकरी जेवले. काकूंनी वांग्याचं बी मागितलं; मायनं पुढच्या हंगामात पाठवायचं कबूल केलं. माझ्या मते पऱ्हाटीच्या भरताला जो धुराचा वास येतो तो यात नव्हता, आणि मायचं मत माझ्या उलट आहे.

पौर्णिमा, दत्तजयंती : पद्मदुर्ग

फाटक उघडलं की समोर दिसतो तो पद्मदुर्ग, म्हणजे कासा किल्ला. जंजिऱ्याच्या नावाखाली हा झाकला जातो. इथे नेहमीच्या होड्या नाहीत. काकांच्या ओळखीच्या एका मच्छीमारानं भरती चढल्यावर किल्ल्याभोवती फिरवून आणायचं मान्य केलं. उतरायचं नाही, एवढीच अट.

जंजिरा हाती येत नाही म्हटल्यावर शिवाजी महाराजांनी त्याच्या समोर समुद्रातच हा किल्ला उभा केला, सिद्दीच्या राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी. बांधकाम चालू असताना सिद्दीचे हल्ले होतच होते. १६७५ च्या जानेवारीतलं महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यानं पद्मदुर्गासाठी ठरलेली रसद आणि पैसा पोचवायला दिरंगाई केली, त्यावर त्याला अतिशय कडक शब्दांत झापलं आहे. समुद्रात बसून दगड रचणाऱ्या माणसांना धान्य वेळेवर मिळालं पाहिजे, ही तळमळ त्या पत्रात आहे. सरकारी कामात वेळेवर न पोचलेल्या रसदेचा अर्थ शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. आप्पांना मी ते पत्र होडीतच सांगितलं.

होडी तटाच्या जवळून गेली तेव्हा जे दिसलं त्यासाठी तरी तिथे जावं. साडेतीनशे वर्षांच्या लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्यानं दगड झिजून आत गेलेत, पण त्यांच्यामधला चुना तसाच आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चुन्याची चौकट पुढे आलेली आणि प्रत्येक घरातला दगड आत खचलेला. कुलाब्याला चुना नाही म्हणून तट टिकला, आणि इथे दगड हरला तरी चुना टिकला. दोन्ही ठिकाणी बांधणारा त्याच स्वराज्याचा, जागा ओळखून वेगवेगळं उत्तर काढणारा. तो चुना कसा मळला असेल, त्यात काय घातलं असेल, यावर होडीतला मच्छीमार, आमचे हे आणि आप्पा यांची जोरात चर्चा झाली. बुरुजावरच्या कमळाच्या पाकळ्या उन्हात स्पष्ट दिसत होत्या.

दुपारी सगळे झोपले. मी सुरूच्या झाडाखाली पाणी उतरताना बघत बसले. साडेपाचला ओहोटी इतकी खोल गेली की किनाऱ्यावरची पोरं क्रिकेटची खेळपट्टी आखून खेळायला लागली. मायनं खोलीत दत्ताच्या फोटोला फूल वाहिलं, काकूंच्या घरी पाळणा म्हटला, सुंठवडा वाटला.

काकांनी जेवताना सांगितलं होतं, "आज रात्री साडेअकराला उधाण. बघायचं असेल तर जागा." आम्ही जागलो. पोरं जिथे खेळली होती तिथे कमरेएवढं पाणी होतं. चांदण्यात फेसाच्या रेषा एकामागून एक पुढे येत होत्या, आणि एक लाट सुरूच्या मुळांपर्यंत आली. बसनं येणाऱ्याला हे दिसत नाही, कारण त्या वेळी बस महामार्गावर असते. मुरूडला राहायचंच असेल तर पौर्णिमा किंवा अमावस्या धरून राहावं आणि खोली किनाऱ्याला लागूनच घ्यावी. खोलीत टीव्ही नसला, चादरींना थोडी ओल असली तरी चालेल. मिठाच्या हवेत ती येतेच.

वद्य प्रतिपदा : कोर्लई, रेवदंडा, चौल

काकूंनी निघताना सुपाऱ्या, कोकम आणि एक नारळाचं रोप बांधून दिलं. रोप शिरपूरच्या उन्हात जगेल का, याबद्दल आप्पा काही बोलले नाहीत, पण पाणी कुठलं द्यायचं ते दोनदा विचारून घेतलं.

कोर्लईला मी आणि लेकच चढलो. कुंडलिका नदीच्या तोंडाशी समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड, आणि तिच्यावर पोर्तुगिजांचा किल्ला. १५९४ मध्ये निजामशाहीकडून तो त्यांनी घेतला. खालच्या गावातली ख्रिस्ती माणसं आजही पोर्तुगिजातून घडलेली बोली घरात बोलतात. रेवदंड्याला रस्ताच किल्ल्याच्या दरवाजातून आत जातो. तटाच्या आत नारळाच्या वाड्या, घरं, शाळा, आणि मध्ये उंच पडका सातखणी मनोरा. इथेच, जुन्या चौलच्या बंदरात, १५०८ मध्ये इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराशी लढताना पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला होता.

रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात अफानासी निकितिनचं स्मारक आहे. हा रशियाचा व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. विकण्यासाठी त्यानं एक घोडा आणला होता. आपल्याकडे चांगले घोडे कमी पैदा होत, म्हणून अरबस्तान-इराणातून जहाजांनी ते चौल-दाभोळसारख्या बंदरांत यायचे आणि सुलतानांच्या फौजांना मोठ्या किमतीला विकले जायचे. निकितिनचा घोडा जुन्नरच्या अधिकाऱ्यानं हिसकावून घेतला, मग मोठ्या खटपटीनं तो त्याला परत मिळाला.

हे ऐकताना आप्पांचे डोळे एकदम जागे झाले. स्मारकाला फेरी मारून त्यांनी विचारलं, घोडा कोणत्या जातीचा होता, रंग कोणता, दात किती, दाम किती आलं. माझ्याकडे यांची उत्तरं नव्हती. "मंग काय लिखं त्यानी?" असं ते थोडं रागावूनच म्हणाले. सारंगखेड्याच्या बाजारात या गोष्टी विचारल्याशिवाय कुणी लगामाला हात लावत नाही.

चौलला दत्ताच्या टेकडीवर यात्रा भरलेली. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना मिठाई, खेळणी, भजीचे घाणे, चादरी-घोंगड्यांची दुकानं. माय एकेक पायरी थांबत, नाव घेत वर पोचली. वरून एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला पोफळीच्या बागा. दर्शनाच्या रांगेत पुण्या-मुंबईची माणसं होती, आणि मागे उभी असलेली एक बाई मायचं बोलणं ऐकून म्हणाली, "तुम्ही खान्देशना का?" ती निघाली अमळनेरची, लेकीकडे पनवेलला आलेली. रांग संपेपर्यंत दोघींचं अहिराणीत चाललं होतं, आणि पाचव्या मिनिटाला दोघींचं एक नातंही सापडलं.

संध्याकाळी पेणला चहा घेऊन घाटाकडे लागलो. आप्पा पुढच्या सीटवर. इगतपुरी ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, "तो सुरतना किल्ला आजून शे का?" आहे म्हटलं, दुरुस्त करून आत संग्रहालय केलंय. नंदुरबारहून सुरतेला गाडी आहे, तापी खोऱ्यातूनच जाते. तिथी कोणती बघायची, हे त्यांनी लगेच विचारलं. सुरतेच्या तापीत समुद्राची भरती आत येते, तेव्हा उधाणाची तिथी तीच, पण भरतीची वेळ वेगळी, ती तक्त्यात बघावी लागेल. आधी सारंगखेडा, मग गव्हाला पाणी, आणि माघी पौर्णिमेला सुरत, असं चांदवडच्या घाटात ठरलं.